मुंबईचे चाळीस की सोलापूरचे सव्वीस? १९२५ च्या संसारखर्चाचा हिशोब

तुमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी : १९२५ च्या सुमारास पणजोबा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, महिन्याला चाळीस रुपये पडत. त्यांचे धाकटे भाऊ सोलापूरच्या गिरणीत, त्यांना सव्वीस. धाकट्यांच्या घरचे आजही म्हणतात की सोलापूरचे सव्वीस मुंबईच्या चाळिसाला भारी होते, कारण तिकडे ज्वारी स्वस्त. तुम्ही जुने निर्वाह-निर्देशांक, म्हणजे जगण्याच्या खर्चातली चढउतार दाखवणारे आकडे, शोधून काढलेत. त्यांत १९२८ साली मुंबई १४७ आणि सोलापूर शंभराच्या आतबाहेर दिसले. मग मुंबई दीडपट महाग होती असे धरायचे का, हा तुमचा प्रश्न.

तसे धरू नका. ही चूक मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही इतक्यांदा पाहिली आहे की आधी तीच सोडवतो. मुंबईचा निर्देशांक जुलै १९१४ ला १०० धरून मोजलेला आहे. सोलापूरचा फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ या बारा महिन्यांना १०० धरून, आणि अहमदाबादचा ऑगस्ट १९२६ ते जुलै १९२७ ला. म्हणजे प्रत्येक शहर स्वतःच्याच मागच्या दराशी ताडलेले आहे. दोन घरांतल्या दोन मुलांची उंची आपापल्या दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजली, तर एकाची खूण चार बोटे वर गेली आणि दुसऱ्याची एक बोट, यावरून कोण उंच ते कळत नाही, कोण किती वाढला तेवढेच कळते. १४७ चा अर्थ इतकाच की १९१४ ला मुंबईत ज्या सामानाला शंभर रुपये लागत त्याला १९२८ ला १४७ लागत होते. त्यात सोलापूरचा संबंधच येत नाही.

शहराशी शहर ताडायला दुसरा तक्ता आहे. मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस काढले आणि त्याच सप्टेंबरपासून त्याचे मासिक, 'लेबर गॅझेट', निघू लागले. त्यात मुंबई, कराची, अहमदाबाद, सोलापूर आणि पुणे या पाच शहरांतले सतरा खाद्यवस्तूंचे किरकोळ दर शेजारीशेजारी छापलेले असत आणि त्याच महिन्याचे मुंबईचे दर १०० धरून बाकीच्या शहरांचे आकडे दिलेले असत. तुम्हाला हवा आहे तो हा तक्ता. फक्त तो वाचण्याआधी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली मापांची. त्या काळी धान्य बरेचसे तोलून नव्हे, मापून विकले जाई. पायली, अधोली, शेर ही नावे सगळीकडे तीच, पण भांडे गावागणिक वेगळे. मुंबईचा स्थानिक तोलाचा शेर २८ तोळ्यांचा होता, तर सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. मण म्हणजे चाळीस शेर हे दोन्हीकडे खरे, त्यामुळे एक मण जवळजवळ तेरा किलोंचा आणि दुसरा सव्वासदतीस किलोंचा. शिवाय मापात तांदूळ आणि ज्वारी सारख्या वजनाची बसत नाहीत. गॅझेटवाल्यांनी हे सगळे मेहनतीने प्रमाण मणात आणले होते. पण घरच्या वहीत 'ज्वारी रुपयाला इतके शेर' असे लिहिलेले सापडले, तर कोणता शेर ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी सुरुवातीच्या काळात एका वाण्याच्या वहीवरून आठवडाभर हिशोब केला आणि कुटुंब दिवसाला अशक्य इतके धान्य खाते असे निघाल्यावर शेर चुकल्याचे लक्षात आले. तेव्हापासून पहिली तपासणी माझी हीच असते : माणशी धान्य किती पडते ते काढून पाहायचे. पोटाच्या मापात बसत नसेल तर शेर चुकला.

दुसरी गोष्ट सरासरीची. त्या सतरा वस्तूंत तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी आहेत, हरभरा आणि तूरडाळ आहे, तसेच साखर, गूळ, चहा, मीठ, गोमांस, मटण, दूध, तूप, बटाटे, कांदे आणि खोबरेलही आहे. शेवटी 'सर्व खाद्यवस्तू' म्हणून जो आकडा येतो ती साधी सरासरी. म्हणजे खोबरेल जितके मोलाचे तितकीच ज्वारी. कोकणातल्या माणसाच्या स्वयंपाकात खोबरेलाला जागा होती, सोलापूरच्या घरात ते फार तर डोक्याला लागायचे. तेव्हा तो शेवटचा आकडा सोडून द्या आणि वस्तूवार दर उचला. त्यांना वजन तुम्ही द्यायचे, घर काय खात होते त्यावरून.

आणि इथेच सगळ्यात अवघड प्रश्न येतो : घर म्हणजे कोणते घर? एक उदाहरण घेतो. आकडे माझे, समजुतीसाठी धरलेले, कुठल्या नोंदीतले नाहीत. समजा मुंबईतले रत्नागिरीकडचे कुटुंब महिन्याला ३० शेर तांदूळ आणि १० शेर ज्वारी खाते. सोलापूरचे कुटुंब ३५ शेर ज्वारी आणि सणासुदीपुरता ५ शेर तांदूळ. मुंबईत तांदूळ तीन आणे शेर (रुपयाचे आणे सोळा), ज्वारी अडीच आणे. सोलापुरात तांदूळ साडेतीन आणे, ज्वारी दीड आणा. आता मुंबईकराची यादी मुंबईत ११५ आण्यांना पडते आणि सोलापुरात १२० ला, म्हणजे सोलापूरच महाग. सोलापूरकराची यादी सोलापुरात ७० आणे आणि मुंबईत साडेएकशेदोन, म्हणजे मुंबई शेकडा ४६ ने महाग. दर तेच, शहरे तीच, दोन्ही उत्तरे खरी. धाकट्या घरचे म्हणतात ते त्यांच्या भाकरीपुरते बरोबर आहे. पण पणजोबा भात खाणारे असतील तर ज्वारीच्या स्वस्ताईचा त्यांना उपयोग नव्हता.

संख्याशास्त्रात यावर उपाय म्हणून दोन्ही उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढतात. वरच्या उदाहरणात मुंबई साधारण शेकडा १८ ने महाग निघेल. कागदावर ठेवायला एक आकडा हवा असेल तर तो ठीक आहे. मी मात्र दोन्ही टोके लिहून ठेवतो, कारण त्या १८ मध्ये कोणाचेच घर राहत नाही.

ही अडचण फक्त आपल्याकडची नव्हती. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडने १९०८ ते १९११ या काळात ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम आणि अमेरिका इथल्या शहरांतल्या कामगारांचे भाडे, अन्नाचे दर आणि मजुरी यांची मोठी तुलना छापली. शहरांची तुलना करण्याचा हा त्या काळातला सर्वांत नेटका प्रयत्न. पद्धत सोपी होती : अन्नाला चार भाग, भाड्याला एक भाग वजन. इंग्लंड-वेल्सला १०० धरले तर अमेरिकेत भाडे २०७ आणि अन्न १३८ निघाले, दोन्ही मिळून १५२. मजुरी मात्र २३०. यातले १३८ म्हणजे इंग्रज कामगाराने आपल्या सवयीचेच जेवण अमेरिकेत जाऊन विकत घेतले तर काय पडेल तो आकडा. अमेरिकन माणूस तसे जेवत नव्हता, आणि हे त्या अहवालवाल्यांनीही ओळखले होते. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध दुसऱ्या बाजूने आहे. अन्नात ३८ टक्क्यांचा फरक आणि भाड्यात १०७ टक्क्यांचा. धान्य आगगाडीत आणि जहाजात चढून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते, म्हणून त्याच्या दरात फार मोठी तफावत टिकत नाही. खोली कुठे जात नाही. शहरांमधला खरा फरक ज्वारीत शोधू नका, छपरात शोधा.

आता आपल्याकडचे पक्के आकडे. लेबर ऑफिसचे पहिले संचालक फिंडले शिरास यांनी मे १९२१ ते एप्रिल १९२२ मध्ये मुंबईतल्या २,४७३ कामगार कुटुंबांचा आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचा जमाखर्च गोळा केला. अहवाल १९२३ मध्ये आला. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै, घरात माणसे ४.२. खर्चातले ५६.८ टक्के अन्नावर, ७.४ सरपण आणि दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यावर, ७.७ भाड्यावर, १८.५ किरकोळीवर. सोलापूरची पाहणी १९२५ ची, ९०२ कुटुंबांची : उत्पन्न ३९ रुपये १४ आणे १० पै, माणसे ४.५७. अहमदाबादची १९२६ ची, ८७२ कुटुंबांची : ४४ रुपये ७ आणे २ पै, माणसे ३.८७.

या आकड्यांत कुटुंबातल्या सगळ्या कमावत्यांचे मिळून उत्पन्न आहे हे ध्यानात ठेवा. तुमचे चाळीस आणि सव्वीस हे एकेका माणसाचे पगार आहेत. पणजी गिरणीत रिळावर जात होत्या का, थोरला मुलगा कामाला लागला होता का, हे कळल्याशिवाय घराचे उत्पन्न कळत नाही.

तीन पाहण्यांची साले वेगळी आहेत, आणि हे फार अडते. मुंबईत ऑक्टोबर १९२० मध्ये निर्देशांक १९३ पर्यंत चढला होता. मुंबईची पाहणी झाली ती त्या महागाईच्या उतरणीवर. १९२५ पर्यंत दर आणखी दहाएक टक्के खाली आले. म्हणून कोणी ५२ रुपये दहा टक्क्यांनी कमी करून १९२५ ला सत्तेचाळीस धरतात आणि मग सोलापूरच्या चाळीसशी ताडतात. हे चूक आहे. दर उतरले, पण मुंबईच्या गिरण्यांत महागाईभत्ता चालू राहिला. बोनस गेला हे खरे, त्यावरून १९२४ च्या सुरुवातीला संप होऊन तो फसला. १९२५ मध्ये मालकांनी साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत संप चालला आणि सरकारने कापडावरचा अबकारी कर थांबवल्यावर ती कपात मागे घेतली गेली. म्हणजे १९२५ चा मुंबईचा कामगार साधारण तोच पगार घेऊन जरा स्वस्त बाजारात जात होता. कमी करायचा तो खर्च, उत्पन्न नव्हे.

माणशी हिशोब केला तर मुंबईत महिन्याला सुमारे साडेबारा रुपये पडतात, अहमदाबादेत साडेअकरा, सोलापुरात पावणेनऊ. सोलापूर मुंबईच्या बरोबरीला यायचे तर मुंबई सरसकट शेकडा चाळीसहून जास्त महाग हवी. ज्वारीपुरती ती असू शकेल. पण कापड, रॉकेल, साखर, चहा, मीठ धरून असा फरक पडणे मला पटत नाही.

अन्नाच्या टक्क्यांवरूनही लोक घाईने निष्कर्ष काढतात. मुंबईत अन्नावर ५७ टक्के, सोलापुरात निम्म्याला थोडे कमी, म्हणून सोलापूरकर सुखी, असे म्हणतात. पण मुंबईत पुन्हा १९३२-३३ मध्ये पाहणी झाली तेव्हा उत्पन्न पन्नास रुपयांच्या आसपासच होते आणि अन्नाचा वाटा ४६.६ वर उतरला होता. मधल्या काळात मंदीने धान्य पडले होते. भाड्याचा वाटा त्याच वेळी ७.७ वरून १२.८ वर गेला. १९१८ च्या युद्धकालीन भाडेनियंत्रण कायद्याने १९२१ मध्ये भाडी दाबून धरलेली होती, नंतर तो बांध राहिला नाही. १९२१ चा मुंबईचा भाड्याचा आकडा वाचताना हा कायदा लक्षात ठेवा. बाजाराने ठरवलेले भाडे ते नव्हते.

त्यात मिळत काय होते, हे टक्क्यांत येत नाही. भाड्याला महिना चार रुपयांच्या आसपास, आणि पाहणीतली ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत. त्या एका खोलीत दुसरे कुटुंब किंवा चार पोटभाडेकरू घेऊन भाडे वाटून घ्यायची रीत होती, त्यामुळे कागदावरचे भाडे आणखी कमी दिसते. सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या, तर त्यांच्या बऱ्याच खोल्या विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे झेपत नव्हते. १९२१ साली मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे आठशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. बाळंतपणाला गावी गेलेल्या बायकांमुळे जन्मांची नोंद कमी आणि त्यामुळे हा दर फुगलेला आहे, हे मान्य. तरीही हा आकडा मी कधी नुसता पुढे ढकलून जाऊ शकलो नाही. चार रुपयांची खोली किती महाग होती, हे विचारताना तो बाजूला ठेवता येत नाही.

तेच खाण्याचे. शिरास यांच्या अहवालात एक निष्कर्ष आहे : कामगार दुष्काळी कायद्यात ठरवलेल्या कमाल धान्याइतके धान्य खातो, पण मुंबई तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला दिले जाते त्याहून कमी. राबणाऱ्या माणसाच्या पोटात कैद्यापेक्षा कमी धान्य जात होते. तेव्हा यादी स्वस्त पडते की महाग, यासोबत ती पुरते का, हेही विचारायला हवे.

तुमच्या प्रश्नात न आलेली आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक बाब म्हणजे उधारी. मुंबईत पगार महिन्याचा आणि तो पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला हातात पडे. नवा लागलेला माणूस दीड महिना उधारीवर जगे. अहमदाबादेत पंधरवड्याचा हप्ता मिळे, त्यामुळे वाण्याकडची बाकी तरी निम्म्या मुदतीची. मुंबईच्या पाहणीत ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती, कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतके, आणि नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. हिशोब करा. बावन्न रुपयांच्या घरावर एकशेतीस रुपये कर्ज, महिन्याचे व्याज एकशेतीस आणे, म्हणजे आठ रुपये दोन आणे. भाड्याच्या दुप्पट. हा खर्च कुठल्याच दरांच्या तक्त्यात नाही. सोलापूर-अहमदाबादेत कर्जबाजारी घरांचे प्रमाण मुंबईपेक्षा जास्तच भरले, तेव्हा धाकट्या भावाला यातून सूट देऊ नका. पण दोन्ही घरांपैकी कोणावर किती होते, ते शोधा.

सोलापूरच्या बाजूने एक गोष्ट मांडायलाच हवी. तिथल्या गिरण्या कामगारांना सवलतीच्या दराने धान्य देत. पगाराच्या सव्वीसमध्ये हा फायदा दिसत नाही, आणि धाकट्या घरच्यांच्या आठवणीत 'ज्वारी स्वस्त' जे राहिले आहे त्यात बाजाराइतकाच गिरणीच्या दुकानाचाही वाटा असावा असे मला वाटते.

आणि मुंबईच्या बाजूने गाव. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून जास्त माणसे शहरात होती. यातल्या असंख्य घरांच्या चुली दोन : एक गावी, एक मुंबईत, नाहीतर खानावळीत. अशा माणसाचा निर्वाहखर्च मुंबईच्या दराने अर्धाच मोजता येतो. बाकीचा अर्धा सावंतवाडीच्या किंवा साताऱ्याच्या बाजारात होत होता. त्याच्या उलट, गावची शेती वर्षाचे चार महिने पोट भरत असेल तर ती मुंबईच्या पगारात न दिसणारी भर होती. आजकाल अभ्यासक जगातली शहरे ताडताना किमान उष्मांकांची एकच यादी घेतात आणि भाड्यासाठी सरसकट पाच टक्के जोडतात. देशादेशांतला ढोबळ फरक पाहायला ते चालते. मुंबई-सोलापूरला लावले तर भाडे, उधारी आणि गावची चूल या तिन्ही गोष्टी पुसल्या जातात, आणि तुमचा प्रश्न नेमका त्या तीन गोष्टींचा आहे.

आता मी काय म्हणेन? पणजोबांचा संसार मुंबईतच होता, कर्ज नव्हते आणि चाळीस रुपये बारा महिने मिळत होते, तर त्यांचे चाळीस सोलापूरच्या सव्विसांपेक्षा नक्कीच जास्त होते. दीडपटीहून मोठे हे अंतर ज्वारी एकटी भरून काढू शकत नाही. पण बायकामुले गावी, शंभर रुपये सावकाराचे आणि महिन्याला सव्वासहा रुपये व्याज असेल, तर हातात पावणेचौतीस उरतात, त्यातून मनीऑर्डर आणि खानावळ. तिकडे भाऊ घरच्या भाकरीवर, गिरणीच्या दुकानातल्या धान्यावर. तेव्हा धाकट्या घरचे म्हणणे मी खोडणार नाही.

म्हणून दरांच्या मागे लागण्याआधी घरातली ट्रंक उघडा. मनीऑर्डरच्या पावत्या असतील तर त्यांवर तारीख आणि रक्कम असते. दर महिन्याला रक्कम सारखी जात होती की पावसाळ्यात वाढत होती, ते पाहा. भाड्याच्या पावतीवर किती नावे आहेत ते पाहा. पणजोबा पक्के होते की बदली, म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून काम मिळाले तर मिळाले, हे वडीलधाऱ्यांपैकी कोणाला आठवते का ते विचारा. बदली असतील तर चाळीस हा पगाराचा दर झाला, कमाई नव्हे, आणि सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागेल. गॅझेटमधले १९२५ चे वस्तूवार दर तोवर उतरवून ठेवा. यादी करताना ज्वारी आणि तांदूळ वेगवेगळ्या ओळींत लिहा, आणि पणजी कोणत्या गावच्या होत्या ते मला कळवा. घरात भात शिजत होता की भाकरी भाजली जात होती, ते बहुधा त्यावरून ठरेल.